उपडी कळशी

वसई (प.),
४ नोव्हेंबर २०२५

प्रभू येशूची स्तुती असो.

ती. कार्मिन आत्यास,
टिफनीचा सा. न. वि. वि.

तुमच्या मठात फोन नाही हे मला अजून पचत नाही. तुला चार ओळी लिहायच्या तर पोस्टात जाऊन पाकीट मागावं लागतं, आणि तिथला माणूस माझ्याकडे अशा नजरेने बघतो की मी जणू चुकून जुन्या काळातून आत शिरले आहे. तुझे गुडघे कसे आहेत? तुझ्या भावाच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं. पप्पा आता वॉकर घेऊन पडवीपर्यंत येतात. मी ऑपरेशनपासून इथेच राहते, शाळेत इथूनच जाते. केनी बिचारा बायको असून आचोळ्याच्या फ्लॅटमध्ये एकटा डाळभात करून खातो आणि रविवारी इथे येऊन जेवणाचा बॅकलॉग भरून काढतो.

ऑल सोल्सला, मृतांच्या दिवशी, पप्पा कबरस्तानात आले नाहीत. मम्मीच्या कबरीवर मी आणि केनीनेच मेणबत्त्या लावल्या. मार्चमध्ये तिला पुरलं त्यानंतर ते एकदाही तिकडे गेलेले नाहीत. विषय काढला की वॉकर उचलून आत जातात.

आता खरं गाऱ्हाणं. आपल्या विहिरीवरच्या मोटरने छळ मांडलाय. सकाळी बटण दाबलं की नुसती घों घों करते, पाणी चढतच नाही. पाईपातलं पाणी रात्रीत उतरून जातं आणि तिथे हवा भरते. मग वरचं बूच काढायचं, पाईप तोंडापर्यंत भरेल इतकं पाणी ओतायचं, बूच आवळायचं, तेव्हा कुठे टाकी भरते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. इतके महिने शेजारचे मार्सेलकाका येऊन ओतून जायचे, पण त्यांचीही कंबर आता बोलायला लागली आहे. जूचंद्रहून नीलेश नावाचा प्लंबर आणला. त्याने पाईप वर ओढून खालचा फुटव्हॉल्व्ह बदलला; म्हणजे पाणी वर येऊ देते पण परत खाली जाऊ देत नाही ती झडप. जुन्या झडपेला एक लांब तांब्याची तार बांधलेली होती, थेट कठड्यापर्यंत आलेली. कशासाठी ते कोणालाच कळेना. पप्पांना विचारलं तर ते विहिरीकडे बघत बसले. नीलेशने ती कापून फेकली. सांधे नवे केले, सगळं केलं. तरी सकाळी पाईप रिकामाच.

मम्मी असताना ही मोटर एकदाही रुसली नव्हती गं.

केनीचं म्हणणं चुकीचं नाही. नळाची लाईन आपल्या गल्लीत अजून आलेली नाही, आणि वॉकरवरच्या माणसाला बिनपाण्याच्या घरात ठेवायचं कसं? नाताळपर्यंत मोटर सुधारली नाही तर घर बंद करून पप्पांना आचोळ्याला न्यायचं, असं ठरलंय. पण ह्या पडवीतून त्यांना उपटलं तर ते टिकतील का? तू ह्या घरात वाढलीस. ह्या विहिरीचं काही माहीत असेल तर कळव.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
टिफनी

—

मठातून,
१५ नोव्हेंबर २०२५

चि. टिफनीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आमच्या मदरनी आधी वाचलं आणि मग माझ्या हाती दिलं. त्या केरळच्या. मराठी त्यांना येत नाही, पण चेहरा गंभीर करून पानं उलटतात. तेव्हा तू बिनधास्त लिही.

तुझ्या केनीला सांग की मोटर बिघडलेली नाही. ती पहिल्यापासून तशीच आहे.

रहाट गेला आणि मोटर आली तेव्हा आमच्या आयने, म्हणजे तुझ्या आजीने, एक अट घातली. चर्चची संध्याकाळची घंटा झाली की विहिरीचं पाणी विहिरीला परत द्यायचं. तिचं म्हणणं, दिवसभर राबलेल्या पाण्याला रात्री पाईपात टांगून ठेवू नये, त्यालाही घरी जाऊ द्यावं. थॉमसदादा, म्हणजे तुझा बाप, खूप हसला, पण आयपुढे त्याचं काय चालणार? त्याने झडपेला तार बांधून कठड्यापर्यंत आणली. घंटा झाली की तार ओढायची, पाणी धप्पकन खाली. पहाटे पुन्हा कळशीने पाईप भरायचा. हे काम आधी आयचं होतं आणि नंतर प्रिस्का वहिनीचं. तुम्ही डोळे चोळत उठायच्या आत ती मोटर भरून चुलीपाशी बसलेली असायची. तुम्हाला वाटायचं मोटर शहाणी आहे. शहाणी तुझी आई होती, पोरी.

हे लिहिताना मला रडू आलं. इतकी वर्षं त्या बाईने एक पहाट चुकवली नाही आणि तुला पत्ता नाही.

ती कळशी कुठे आहे? तांब्याची, पोटाला पोचा आलेली. पाणी भरून झालं की वहिनी ती कठड्यावर उपडी ठेवायची, पोचा विहिरीकडे करून.

आता तार कापली, झडप नवी आली, म्हणजे पाणी उतरायला काही कारण उरलेलं नाही. तरी उतरत असेल तर पाईपाला कुठेतरी बारीक चीर असणार. नीलेशला पाईप बाहेर काढून तपासायला सांग. दादाला माझा नमस्कार सांग, आणि नीट जेवायला सांग.

तुझी आठवण रोजच्या प्रार्थनेत असते. तूही माझी काढत जा.
आत्या

—

वसई (प.),
२८ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पप्पांना वाचून दाखवलं. तारेचा भाग आला तेव्हा ते हसले आणि म्हणाले की प्रिस्काला तारेने हात कापायचा, म्हणून तिने टोकाला चिंधी गुंडाळली होती. तिच्याबद्दल ते असं बोलतात की जणू ती आत भाकऱ्या थापते आहे.

तू म्हणालीस तसं केलं. नीलेशने पाईप झडपेसकट बाहेर काढला, पाण्याने भरला आणि माडाला टेकवून उभा केला. दिवसभर थेंबही कमी झाला नाही. चीर नाही, गळती नाही. मग त्याने पाईप पुन्हा विहिरीत सोडला, भरला, आणि बूच उघडं ठेवून आम्ही दोघं बघत बसलो. पाणी तोंडाशी स्थिर. त्यात आभाळ दिसत होतं. नीलेश खूश झाला, चहा मागितला. मी चहा घेऊन आले आणि चर्चची घंटा झाली.

आत्या, मी जे ऐकलं ते लिहिते. कठड्याच्या दगडावरून तार घासत गेल्याचा आवाज आला. तार नाहीये तिथे. ती माझ्या डोळ्यांदेखत कापली होती. आणि लगेच पाईपातलं पाणी धप्पकन खाली गेलं, विहिरीच्या तळातून आवाज आला. नीलेशने चहाला हात लावला नाही. हत्यारं गोळा करता करता त्याच्या बोलीत म्हणाला, ह्या विहिरीच्या पान्याला मानूस हाय. त्याचा एक पाना इथेच राहिलाय आणि तो न्यायला तो येत नाही.

मार्सेलकाकांनी ऐकलं आणि चर्चमधून पवित्र पाण्याची बाटली आणून मोटरमध्ये ओतली. घंटा झाली, आणि तेही खाली गेलं. काका म्हणाले की निदान विहीर तरी पवित्र झाली.

कळशी माळ्यावर सापडली. मम्मीला पुरलं त्या दिवशी आवराआवरीत कोणीतरी वर टाकली होती. चिंचेने घासून लख्ख केली, कठड्यावर ठेवली आणि रोज पहाटे उठून त्याच कळशीने पाईप भरायचा असं ठरवलं. पहिल्याच दिवशी झोप लागून राहिली. उठले तर उजाडलेलं. धावत मागच्या दाराने गेले. ओटा ओला होता. पाईप तोंडापर्यंत भरलेला, बूच आवळलेलं. कळशी उपडी, पोचा विहिरीकडे.

पप्पांना भरली कळशी उचलता येत नाही. त्यांना पडवीच्या पायऱ्याही उतरता येत नाहीत. फाटकाला कुलूप होतं. मार्सेलकाका शपथेवर नाही म्हणाले. पप्पांना विचारलं तर त्यांनी चहा बशीत ओतला आणि म्हणाले की तुझ्या मम्मीने भरली असेल, दुसरं कोण भरणार. त्यानंतर रोज सकाळी मोटर भरलेली असते. रोज संध्याकाळी घंटेला रिकामी होते.

केनी म्हणतो की मी झोपेत चालते. तसं असेल तर बरं होईल.

तुझ्या उत्तराची फार वाट बघते आहे.
टिफनी

—

मठातून,
९ डिसेंबर २०२५

चि. टिफनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून माझं प्रार्थनेत लक्ष नाही. समोर वेदी आणि डोळ्यांपुढे आपला कठडा. मदरनी विचारलं की घरी कोणी आजारी आहे का. मी म्हटलं, नाही, घरी कोणी दमलं आहे.

एक गोष्ट मागच्या पत्रात लिहायची राहिली, कारण तिची गरज पडेल असं वाटलं नव्हतं. आपल्या घरात ती कळशी कोणी आपणहून उचलत नाही. ती दिली जाते. वहिनी लग्न होऊन आली, त्याच्या दुसऱ्या पहाटे आय तिला विहिरीवर घेऊन गेली. कळशी भरली, भरलेली तिच्या हातात दिली आणि म्हणाली, आता तू. त्या दिवसानंतर आयने कळशीला हात लावला नाही. पहाटे उठायची तिला इतकी सवय, तरी पांघरुणात पडून राहायची आणि मला सांगायची की माझी सुट्टी झाली.

वहिनी छातीत दुखतं म्हणून दवाखान्यात गेली ती परत आलीच नाही. कळशी तिने कोणाच्याही हातात दिलेली नाही. मग तिची सुट्टी कशी होणार? कळशी माळ्यावर होती तोवर तिला पहाटे पाणी भरता येत नव्हतं, नुसती संध्याकाळी तार ओढत राहिली. तू ती घासून पुन्हा कठड्यावर ठेवलीस. ती कामावर आली.

मी हे मठात बसून लिहिते आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. मी इथे मेलेल्यांच्या विसाव्यासाठी रोज प्रार्थना म्हणते, आणि आमची वहिनी रोज पहाटे पाणी ओढते.

तिच्या आधी ऊठ. विहिरीवर जा आणि हात पुढे कर. दुसरं काही करावं लागेल असं मला वाटत नाही. पण हे मी तुला हुकूम म्हणून सांगत नाही. कळशी घेतली की ती तुझी होते, पोरी. मग तुझ्या पहाटा तुझ्या राहणार नाहीत.

विचार कर, आणि जे ठरवशील त्यात माझी माया आहेच.
आत्या

—

आचोळे, नालासोपारा (पू.),
३ जानेवारी २०२६

ती. आत्यास,
नव्या वर्षाचा सा. न. वि. वि.

पत्ता बघून तुला कळलंच असेल. आम्ही घर बंद केलं.

माझ्याच्याने झालं नाही गं. मी उठले होते. मागच्या दारापर्यंत गेले. बाहेर पाणी ओतल्याचा आवाज येत होता. कळशी रिकामी होत येते तेव्हा गुडगुड करते ना, तसा. मध्येच मम्मीचं खाकरणं ऐकू आलं, सकाळच्या गारठ्यात ती खाकरायची तसंच. माझा हात कडीवर होता. मला तिला एकदा बघायचं होतं, जीव जात होता बघण्यासाठी. आणि ती कशी दिसेल ह्याची भीतीही वाटत होती. कडी काढली नाही. तशीच उभी राहिले, आवाज थांबल्यावर दार उघडलं तेव्हा ओट्यावर सगळं ओलं होतं आणि कोणी नव्हतं.

पप्पांना सांगितलं. वाटलं होतं हसतील. पण ते म्हणाले, मी इथे आहे म्हणून ती उठते, माझ्या अंघोळीला पाणी हवं म्हणून. मी नसलो तर तिला कशाला उठावं लागेल? आणि ज्या माणसाला हलवायची आम्ही महिनोन्महिने धास्ती घेतली होती, त्याने स्वतःच केनीला फोन लावून सांगितलं की मला घेऊन जा. नाताळची मिस्सा झाली आणि निघालो. मोटरचा फ्यूज काढला, विहिरीवर जाळी टाकली. कळशी मात्र पप्पांनी सोडली नाही. गाडीत मांडीवर घेऊन बसले होते, आणि खुर्चीत बसवून जिन्याने वर नेलं तेव्हाही ती मांडीवरच. मला ती नको होती, पण त्यांच्या हातातून कोण काढणार?

इथे आमच्याकडे नळाला पहाटे थोडाच वेळ पाणी येतं. तेवढ्यात पिंप, बादल्या, सगळं भरून घ्यावं लागतं. सामान लावता लावता दमलो होतो. पहिल्याच दिवशी गजर ऐकू आला नाही. जाग आली तेव्हा पाण्याची वेळ उलटून गेलेली. आता दिवसभर काय करायचं म्हणून कपाळावर हात मारत स्वयंपाकघरात गेले.

पिंप भरलेलं. बादल्या भरलेल्या. पातेल्यांतसुद्धा पाणी, वर झाकणं. ओट्यावर कळशी उपडी होती, आणि पोचा खिडकीकडे, आपल्या विहिरीच्या दिशेला.

केनीने जाऊन दार बघितलं. कडी आतून लावलेली होती. त्यानंतर त्याने मला झोपेत चालण्याबद्दल काही म्हटलेलं नाही. पप्पा कॉटवर उठून बसले होते आणि माझ्याकडे रागाने बघत होते. म्हणाले की लिफ्टशिवाय चार जिने चढायला लावलेस तू तिला.

मी काय करू?
टिफनी

—

मठातून,
१२ जानेवारी २०२६

चि. टिफनीस,
अनेक आशीर्वाद.

आज थोडंच लिहिते, पण लगेच टपालात पडावं म्हणून लिहिते.

दादाचं चुकलं. ती त्याच्यासाठीही उठत असेल, पण ती कळशीबरोबर आहे. तुम्ही तिला मागे ठेवून गेला नाहीत, सोबत घेऊन गेलात. आता पळायला जागा नाही, आणि खरं सांगू, पळायचं कारणही नाही.

घाबरू नकोस असं मी म्हणणार नाही. घाबर, पण ऊठ. चेहऱ्याकडे बघवणार नसेल तर बघू नकोस. हातांकडे बघ. तुझी वेणी त्याच हातांनी घातली, तुला पेज त्याच हातांनी भरवली. ते हात तुला ओळखतील.

माझ्या दुखऱ्या गुडघ्यांवर बसून मी त्या वेळी इथे जागी असेन. तुझं पत्र येईपर्यंत रोज.
आत्या

—

वसई (प.),
१ फेब्रुवारी २०२६

प्रभू येशूची स्तुती असो.

ती. आत्यास,
टिफनीचा मनापासून सा. न. वि. वि.

तुझ्या गुडघ्यांना आता आराम दे. झालं.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या पहाटे मी पाण्याच्या वेळेआधी उठले आणि स्वयंपाकघरात जमिनीवर बसले. दिवा लावला नाही. खिडकीतून थोडं फटफटत होतं. केनी दाराबाहेर पॅसेजमध्ये बसून होता, त्याच्या दातांचा आवाज मला ऐकू येत होता. रात्री मी ओट्यावर ठेवलेली कळशी आता तिथे नव्हती. नळाने आधी हवा खाकरली आणि मग पाण्याची धार लागली. ती धार कशात तरी पडत होती. भांडं भरत आल्याचा आवाज बदलतो ना, तसा बदलला.

मी उठून उभी राहिले, मान खाली घातली आणि दोन्ही हात पुढे केले. म्हटलं, मम्मी, दे इकडे. आता मी.

हातांत वजन आलं, आत्या. भरल्या कळशीचं. आणि माझ्या हातांवर तिचे हात होते. गार, ओले, पाण्यात राहून बोटांची टोकं सुरकुतलेली. मी फक्त तेवढेच बघितले. अंगठ्याजवळ तारेने कापल्याचा जुना वण होता. तिने लगेच सोडलं नाही. मला पेलतंय ना ते बघत होती, लहानपणी सायकल सोडताना बघायची तसं. मग सोडलं.

मी पिंप भरलं, बादल्या भरल्या. रडत होते, पण एकही भांडं रिकामं ठेवलं नाही. कळशी उपडी ठेवली, पोचा खिडकीकडे.

पप्पांना चहा दिला तेव्हा त्यांनी नेहमीसारखं विचारलं की तुझ्या मम्मीने पाणी भरलं का. मी म्हटलं, आज मी भरलं, तिने कळशी माझ्याकडे दिली. त्यांनी बशी खाली ठेवली. माझे हात हातात घेऊन उलटसुलट करून बघितले. चहा गार होऊन गेला. मग म्हणाले, माझा पांढरा शर्ट काढ, मला कबरस्तानात ने.

तिच्या कबरीजवळ खुर्ची ठेवून त्यांना बसवलं आणि आम्ही लांब उभे राहिलो. ते तिच्याशी काहीतरी बोलत होते. मार्चपासून त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. त्या दिवशी मात्र ते लहान मुलासारखे हमसून हमसून रडले. मला पहिल्यांदा वाटलं की आता हे टिकतील.

परतताना घरी थांबलो. केनीने जाळी काढली, फ्यूज लावला. इतके दिवस बंद राहिलेली मोटर, पाईपात हवाच असणार म्हणून मी बादली शोधत होते. तेवढ्यात पप्पांनी भिंतीला धरून बटण दाबलं, आणि पहिल्याच झटक्यात टाकीत पाणी पडायला लागलं. संध्याकाळी बूच उघडून तिघंही बसलो. घंटा झाली. दगडावर कसलाही आवाज आला नाही. पाणी तोंडाशी तसंच उभं, आभाळासकट. पप्पा बराच वेळ त्यात बघत होते. म्हणाले, प्रिस्का झोपली.

आम्ही परत इथेच राहायला आलो आहोत, केनीसुद्धा. त्याला आता इथून लवकर निघून ट्रेन पकडावी लागते, म्हणून कुरकुरतो, पण कळशीला वाट देऊन चालतो.

नीलेशला बोलावून घेतलं. तो त्याचा पाना न्यायच्या बहाण्याने आला, लांब उभा राहून विहिरीकडे बघत राहिला. आता मोटर पाणी सोडत नाही हे त्याने स्वतः तपासलं आणि विचारलं की मग मला कशाला बोलावलं. मी म्हटलं, झडपेला तार बांधून दे. त्याला वाटलं मी वेडी झाले. पण घंटा झाली तरी दिवसभर राबलेलं पाणी वर टांगलेलं बघून मला चैन पडत नव्हतं. तार बांधून झाली आहे. टोकाला मी मम्मीच्या जुन्या साडीची चिंधी गुंडाळली.

आत्ता घंटा होईल, म्हणून इथेच थांबते. पत्रं लिहीत राहा, मदरना चेहरा गंभीर करायला काही तरी हवं.

तुझ्या मायेत राहणारी,
टिफनी